एक गोणी, चार बागा

हिंगोली, ६ जानेवारी २०२५

सौ. रूपाबाई हिस रामसिंगचे अ. आ.

रणजीतच्या घरी बरा आहे. सूनबाई शिला जपते. डॉक्टरनं साखर २४० काढली. रोज चाला, उतरली तर तांड्यावर जा, न्हाई तर जन्मभर सुई, असं म्हणला. म्हणून चालून राहिलो.

इथं नगरपालिकेनं चार बागा एका पायवाटेनं जोडल्या. निसर्गवाट म्हणतात. नाल्याकाठानं निघायचं, पूल ओलांडायचा, चौथ्या बागेतून माघारी. झाडाझाडाला पाटी. बाभळीवर लिहिलं, बाभूळ. न्हाई तर लोकं आंबे शोधत बसले असते! एका बाईला पुसलं कुठं निघाल्या, तर म्हणे कुठंच न्हाई. रूपा, शंभर माणूस रोज कुठंच न्हाई जाऊन राहिलं, तेबी रिकाम्या हातानं. आपल्या वाडवडलांनी बैलावर मीठ नेलं, येताना धान्य आणलं, रिकामा बैल कधी हाकला न्हाई. मला शरम वाटली. पहिल्या बागेत पाचोळ्याचं खत पडून होतं, चौथीतली रोपं भुकेली. माळ्याकडून गोणी घेतली. आता जाताना खत, येताना झेंडूची रोपं.

म्हशीवर ध्यान ठेव, त्यातून उरलं तर माझ्यावर.

रामसिंग


हिंगोली, २४ जानेवारी

ती. सौ. आत्याबाईंना शिलाचा शि. सा. न. वि. वि.

मामंजींची साखर २९० झाली! चालून वाढली काहून, म्हणून डॉक्टर मशीनवरच चिडले. तुमी कळवल्याप्रमाणं आज मी गुपचूप मागं मागं गेले. खत उतरवलं की चौथ्या बागेचा माळी गुळाचा खडा देतो. पुलापाशी मालनबाई बसतात, त्या तिसऱ्या बागेतल्या मैत्रिणीला यांच्या हाती डबा धाडतात. मैत्रीण डबा उघडून पहिला लाडू मामंजींच्या हातावर ठेवते. मी रागावले तर म्हणाले, माल पोचला की आणणाऱ्याचं तोंड गोड करायची जुनी चाल आहे, न्हाई म्हटलं तर देणाऱ्याचा अपमान. आज त्यांनी एकंदर चार अपमान टाळले.

माझा धाक चालत न्हाई. तुमीच बघा.

एकुलती सून म्हणून तरी लाडकी,
शिला


तांडा, पुसेगावजवळ, २८ जानेवारी

श्री. मालकांस रूपाबाईचा नमस्कार वि. वि.

लाडू खाऊन साखर उतरवायची तुमची युक्ती कळली. जुनी चाल मोडा, असं मी म्हणत न्हाई. पण जुन्या चालीत बाईबी बैलांबरोबर चालायची. परवाच्या एसटीनं येऊन राहिले. गोणी तुमी उचला, तोंड मी गोड करून घेईन. कोणाचा अपमान न्हाई अन् तुमाला सुई न्हाई. म्हैस शकुबाईकडं बांधली.

बाकीचं तोंडावर बोलते.

रूपाबाई


तांडा, १० मार्च

सौ. रूपाबाई हिस अ. आ.

माझी साखर १३० आली, डॉक्टरनं सोडलं, ते बराबर. पण जाता जाता तुझीबी तपासली अन् २६० निघाली, ह्यात माझा काय गुन्हा? महिनाभर लाडू तू खाल्ले. आता तुला तिथं ठेवलं अन् मला इथं धाडलं. म्हैस शिंग उगारून राहिली. भाकरी थापली, ती कुत्र्यानंबी नुसती हुंगली. तू कवा येणार, असं शकुबाई रोज पुसते. मीबी तेच पुसून राहिलो.

लवकर लवकर चाल. जमलं तर पळ.

रामसिंग


हिंगोली, ३१ मार्च

श्री. मालकांस नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. तुमची तकलीफ वाचून शिला हसली, मी थोडी कमी हसले.

रोज चारी बागा चालते. तुमी गेल्यावर पहिल्या दिवशी माळ्यानं गोणी पुढं केली. मी म्हटलं दादा, ती आमच्या मालकाची. लग्न झाल्यापासून डोक्यावर घागर, न्हाई तर चारा, न्हाई तर सरपण, अन् कडेवर लेकरू. असे हात हलवत मी जन्मात चालले न्हाई. काल एका बाईनं कुठं निघाल्या म्हणून पुसलं, मी ऐटीत सांगितलं, कुठंच न्हाई.

काल साखर १४० आली. डॉक्टर म्हणले, आता खुशाल तांड्यावर जा. मी म्हटलं साहेब, कागदावर आणखी एक महिना लिहा. भला माणूस, लिहिलं त्यानं.

लोभ आहे, तो सध्या तिथूनच असू द्यावा.

रूपाबाई