नवी नाव आणि विहिरींचे नाडे

बाबा, आज मी दवाखान्यातल्या कामावरून आले आणि चपला न काढताच दारात बसून राहिले. सुया-कात्र्या उकळायची शेगडी बिघडली आहे. ती नीट करून देणं ज्यांचं काम, ते देत नाहीत, आणि बाळंतिणी काही थांबत नाहीत. शेवटी मी घरचा स्टोव्ह नेऊन ठेवला. सगळ्यांना बरं वाटलं. मला तुमची आठवण आली.

तेव्हा आपल्या गावाजवळ पूर्णेवर पूल नव्हता. राज्य नवं होतं, पुलाचं नुसतं बोलणं चाललं होतं. पलीकडच्या मालकानं सागाची नवी नाव बांधून घेतली आणि पावसाळाभर चालवायला तुम्हाला कराराने दिली. बोली साधी होती. नाव सामानासकट तयार करून द्यायची त्यानं. वल्ही, बांबू, आणि पुरात नाव वाहून जाऊ नये म्हणून या काठापासून त्या काठापर्यंत ताणायचा जाड दोर. माणसं आणि मेहनत तुमची. नाव आली, अंगाला ताज्या डांबराचा वास. वल्ही आली, बांबू आले. दोर आलाच नाही. तुम्ही निरोपावर निरोप धाडले, तेव्हा मालक स्वतः काठावर आला आणि म्हणाला, नाव द्याची होती, देल्ली. तुम्ही शांतपणे सांगितलं, "दोरावाचून थो ओंडका हाये, मालक. ओंडक्यावर मी मानसं बसवत नाही." आणि खरंच बसून राहिलात. बाजाराला निघालेले लोक तुम्हाला बोल लावून परत जात होते, तुम्ही लिंबाखाली मान खाली घालून बसलेले. मला आजही तुम्ही तसेच दिसता.

मग एका सकाळी बैलगाडीतून ती बाई आली. पहिलटकरीण, अडलेली. दवाखाना पलीकडे. नदी गढूळ, भरलेली. तिचा नवरा रडत नव्हता, ओरडतही नव्हता. तुमच्यासमोर उभा राहून एवढंच म्हणाला, "दादा, तुमी नाही म्हनसान तं मी कोनाकडे जाऊ?"

तुम्ही उठलात. पावसाळ्यात मोटा बंद असतात, म्हणून शेतोशेत माणसं पळवून विहिरींवरचे नाडे, मोटा ओढायचे ते जाड दोर, सोडवून आणवलेत. गाठीवर गाठ मारून त्यांचा एक दोर केलात. एक पोहणारा त्याचं टोक कमरेला बांधून पलीकडे गेला, आणि त्या दोराला धरून तुम्ही नावेतून बाईला पार नेलंत. बाई वाचली, लेकरूही वाचलं. गावानं तुम्हाला डोक्यावर घेतलं. आई मात्र भाकरी थापता थापता म्हणाली, "दुसऱ्याचं ओझं येकडाव उचललं का थे आपलंच होऊन बसते."

तसंच झालं. मालक म्हणाला, आता दोर हाये ना, मंग चालवा. त्या गाठींवर तुम्ही सारा पावसाळा काढलात. रोज सकाळी एकेक गाठ ओढून पाहायचात. भाद्रपदात एक गाठ भर पाण्यात सुटली. नावेत माणसं होती. काठाकडचा नाडा तुम्ही खांद्याला गुंडाळून धरलात, नाव धारेबरोबर फिरत काठाला लागेपर्यंत सोडला नाहीत. कोणी बुडालं नाही. तुमचा खांदा तेवढा गेला. पुढं शेवटपर्यंत त्या हातानं तुम्हाला पाण्याचा गडूही उचलता आला नाही. पुढच्या पावसाळ्यात मालकानं नाव दुसऱ्याला दिली. तिच्यासोबत नवाकोरा दोर दिला.

दोर घेऊन जाणारी गाडी आपल्या घरावरून गेली. तुम्ही ओसरीत होतात. पाहिलंत आणि म्हणालात, "चांगला हाये."

हा कागद मी आईलाही दाखवणार नाही. लोक अजून त्या बाईची गोष्ट सांगतात, मीही मान हलवते. माझ्या हातून कितीतरी लेकरं जन्मली, त्यामुळे ती वाचली याचं मोल मला कळतं. तरी बाबा, थकून घरी येते तेव्हा कधी कधी वाटतं, त्या सकाळी तुम्ही लिंबाखालून उठायला नको होतं.