सव्वा मूठ गहू

धुळे, २३ जुलै १९११

शेजारीण ओरडत पळत आली — "मडम आली, मडम!"

रुपचंद भावजी परतले. बारा वर्षांमागं इंग्रजांच्या घोड्यांबरोबर आफ्रिकेत बोअर लढाईवर गेलेले, ते आज! म्हटलं, हातीपायी धड आले, पुष्कळ झालं. तर मागून टांग्यातून ही उतरली. हेस्टर. भावजींची बायको! जातीची बोअर, म्हणजे आफ्रिकेतली गोरी.

 माझ्या कमलची सोयरीक ठरलीय. व्याह्यांच्या कानावर गेलं तर?

२६ जुलै

कानबाई देवीचा सण जवळ आला. घराण्यातल्या पुरुषागणिक सव्वा मूठ गहू, त्याचे रोट, आणि ते फक्त कुळातल्यांनीच खायचे. हेस्टरनं खाल्ले तर देवी कोपेल. तिला दिले नाहीत तर भावजी घर सोडतील. इकडे आड, तिकडे विहीर!

गिरधरआबा भाऊबंदांत वडील, रोटांचे गहू त्यांच्याकडेच जमतात, त्यांचा शब्द शेवटचा. म्हणाले, "मडम शे. सायेब लोकस्ना संगे वाकडं कसाले?" साहेबाच्या धाकानं का होईना, हेस्टर चालेल; थोडा जीव भांड्यात पडला.

३० जुलै, नागपंचमी

आज चिरणं-तळणं नाही. हेस्टर जवळ येऊन बसली. मोडक्यातोडक्या हिंदीत तिचं कूळ सांगू लागली. मूळ पुरुष डच, बायको फ्रेंच — धर्मापायी देश सोडून पळालेली. मधेच कुणी जर्मन शिपाई. असे सगळे मिळून बोअर झाले म्हणे! मग आवाज खाली गेला. एक आजी बंगालची. आफ्रिकेतल्या केपच्या बंदरात गुलाम म्हणून विकत घेतलेली. तिचं नाव घरात कुणी काढायचं नाही.

"उनको डर लगता है," म्हणाली. गोऱ्यांनाही कुळाची भीती वाटते!

१ ऑगस्ट

काय केलं मी हे! वाटलं, ही तर आपल्याच मुलखाची निघाली, आता कोण नाही म्हणेल? दाराआडून आबांना सांगून बसले. म्हातारा ताडकन उठला.

"इकत लीयेल बाई? तिनी जात कोनती?"

ते मी हेस्टरला विचारलंच नव्हतं.

"निसती गोरी व्हती ते चालतं. हाई चालस नही!"

३ ऑगस्ट

आबांचा निरोप — रोटांच्या गव्हात रुपचंदच्या नावाची मूठ घ्यायची नाही. आणि हेस्टर घरात राहिली तर कमलचं लग्न कसं होतं तेही बघू.

 हे नुसते सुपारी कातरत बसतात. 

४ ऑगस्ट

भावजींनी ट्रंक बांधली.

६ ऑगस्ट, रविवार

दळण सुरू व्हायच्या आत हे आबांकडे गेले आणि स्वतःच्या नावाची मूठही परत मागून आणली — म्हणजे कुळाच्या रोटांत आता आम्हीही नाही. "दळ," एवढंच म्हणाले.

एकच रोट झाला. आम्ही तिघं आणि भावजी-हेस्टर, असे पाच तुकडे केले. कमलनं पहिला उचलला आणि हेस्टरच्या हातावर ठेवला. आबांचा गडी दारातून बघत होता.