गेटवाल्याचं रक्त

४ मार्च, सोमवार
नवं गाव, नवं घर, नवी नोकरी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कारखाना दिसतो, त्यामुळे बायको खूश. नवरा कुठे आहे ते कळत राहील म्हणते. वीस वर्षांपूर्वी दुसरीकडे हेल्पर म्हणून झाडू हातात घेतलेला मी आज कीटकनाशकाच्या मिक्सिंग खोलीचा सुपरवायझर झालो. मिक्सरचा आवाज ऐकूनच सांगितलं, डाव्या बाजूचं बेअरिंग गेलंय. फिटरने उघडून पाहिलं आणि निमूट चहा पाजला. हाताखाली चौघं. हसरी माणसं. प्रत्येकाच्या खांद्यावर तोंड पुसायला फडकं.

६ मार्च, बुधवार
कारखान्याच्या डॉक्टरांनी धोका समजावला. नस स्नायूला हुकूम देते तो एका रसायनाच्या हाती. काम झालं की एक एन्झाइम ते रसायन तोडतं आणि स्नायू सैल पडतो. आपलं औषध त्या एन्झाइमलाच निकामी करतं. मी म्हटलं, म्हणजे भोंगा वाजतोय आणि बंद करणारा गेलाय. डॉक्टर खो खो हसले. म्हणून दर सोमवारी बोटातून रक्त घेतात. एन्झाइम निम्म्याखाली गेलं की माणसाला मिक्सिंगमधून काढून बाहेर यार्डात, कमी पगारावर पाठवतात.

११ मार्च, सोमवार
रक्त घेणाऱ्या बाई मान वर करत नाहीत, आणि समोर सगळेच टोपी-मास्कमध्ये. पण माझे कान तिखट. चार नावं पुकारली, चारही वेळा खोकला एकच, रोज सकाळी फाटकात ऐकतो तो. गेटवाला! तो मिक्सिंगमध्ये कधी पाऊल टाकत नाही, त्याचं रक्त स्वच्छ. दर सोमवारी चौघांच्या नावाने बोटं टोचून घेतो बिचारा.
मिस्त्रीला, म्हणजे चौघांतल्या म्हाताऱ्याला, बाजूला घेतलं. तो शांतपणे म्हणाला, “यार्डात गेलेला परत मशीनवर येत नाही, साहेब. तुमचंही नाव देऊ का त्याला?”
रागवायला हवं होतं. पण ही खुर्ची वीस वर्षं खपून मिळवलेली. दे म्हटलं.

२१ मार्च, गुरुवार
डोकं जड. भर दुपारी खोलीत अंधारून येतं. दिवे बदलायला सांगितले, तर इलेक्ट्रिशियन म्हणाला, परवाच बदललेत. मिस्त्रीने एक फडकं माझ्या खांद्यावर टाकलं. आता मलाही लागतं.

२७ मार्च, बुधवार
पापणी आपोआप लवते. बायकोला वाटलं डोळा मारतोय. या वयात काय हे, म्हणाली. मग तिने माझा दंड पाहिला. कातडीखाली काहीतरी वळवळत होतं. ती हसायची थांबली. आरशात बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.
भीती वाटायला हवी. वाटत नाही.

२ एप्रिल, मंगळवार
मिक्सर ऐकू येत नाही. माणसं ऐकू येतात. चौघांच्या छातीत पाणी खळखळतं. मिस्त्री खाली बसला तो उठलाच नाही. रक्ताचा रिपोर्ट चांगला होता, म्हणून डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहिलं.
आम्ही पाळी पूर्ण केली.

४ एप्रिल, गुरुवार
डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फाइल पाहिली. रक्त अगदी तरण्या पोरासारखं आहे, दमलात, दोन दिवस झोपा, म्हणाले. सांगितलं तर सगळंच बाहेर येणार. उरलेल्या तिघांचं. माझ्या खुर्चीचं.
बरं म्हणून उठलो. लाळ पुसली.

५ एप्रिल
सकाळ. जीभ हलत नाही. पाय नाहीत — वही उशाशी, हात थोडा —
बायकोने डॉक्टरांना घरी आणलंय. बाहेरच्या खोलीत आहेत. सगळं ऐकू येतंय — रिपोर्ट उत्तम आहे, वहिनी, काळजी करू नका —
निघाले. चपला घालताहेत —
ती आत येतेय. वाच. थांबव त्यांना. सांग, ते रक्त माझं