पिवळ्या राजवाड्याचं गाव

बाबा, आई सध्या माझ्याकडे अमेरिकेत, चँडलरला असते, आणि तिला वाटतं की तुम्ही तिला जर्मनीला आणलंत. लग्न झाल्या झाल्या कंपनीनं तुम्हाला ट्रेनिंगला धाडलं होतं ना, त्या गावाला. तेव्हा तिला सासरी ठेवून गेलात, आणि आता, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर, ती अ‍ॅरिझोनाच्या उन्हात आमच्या कॉलनीच्या कारंज्यापाशी बसून म्हणते, "आणलं बाई ह्यांनी शेवटी!" तिला विसरण्याचा आजार झालाय. माझं नाव गेलं, नातीचं गेलं, आपलं घर गेलं, पण तुमचं ते गाव राहिलं. मला हसू येतं आणि रागही येतो. तुमचाच येतो, दुसऱ्या कुणाचा येणार?

त्या गावाला जबाबदार तुम्हीच. दर दिवाळीला पाहुणे जेवून सुस्तावले की तुम्ही भिंतीवर चादर लावायचात आणि स्लाइड्स सुरू. पिवळाधमक राजवाडा, त्याच्यापुढे कंपासपेटीनं आखल्यासारखी बाग, एकाच उंचीला कातरलेली झुडपं, सोनेरी देवदूतांनी लगडलेलं चर्च. त्या भपकेबाज शैलीचं नाव, 'बरोक', तुम्ही बेदाणा चघळल्यासारखं म्हणायचात. मग तो राजवाडा बांधणाऱ्या संस्थानिकाची गोष्ट. एवढंसं संस्थान, सकाळी घोड्यावर बसलं की जेवणाआधी हद्द संपावी, आपल्या गावच्या राजेसाहेबांच्याच पंक्तीतला माणूस. पण शेजारच्या बड्या राजाकडे आहे ते सगळं ह्याला हवं. भिंतीवर खिडकी कमी पडली की रंगवून घ्यायची. चर्चमधले संगमरवरी खांबसुद्धा संगमरवराचे नाहीत, गिलाव्याचे. टिचकी मारली की पोकळ आवाज. आत्या लगेच म्हणायची, "बडा घर पोकळ वासा!" त्यावर तुम्ही चिडायचात. पोकळ म्हणजे खोटं नव्हे, म्हणायचात. तो गिलावा कणकेसारखा मळतात, त्यात रंग घालतात, मग दगडानं घासत बसतात, घासत बसतात, तेव्हा कुठे ती चमक येते, त्यापेक्षा खरा संगमरवर परवडला. आई आतून फराळाची ताटं घेऊन यायची, चादरीकडे बघायची आणि म्हणायची, "आम्हाला काय चादरीवर दाखवता? प्रत्यक्ष न्या की." तुम्ही म्हणायचात, "नेईन गं." मग मी झाले, मग धाकटा, मग आजी-आजोबांची आजारपणं, मग तुमचं हृदय. तिनं पुन्हा विषय काढला नाही, आणि मला वाटलं ती विसरली.

आमच्या इथली घरं तुम्ही पाहिली नाहीत. सगळी पिवळी. दुसरा रंग लावलात तर कॉलनीच्या असोसिएशनची नोटीस येते. दारापुढे दोन जाडजूड खांब. घर बघायला आलो तेव्हा मी टिचकी मारून पाहिली, तर आत थर्मोकोल. तुमची इतकी आठवण आली की एजंट बाईसमोर डोळे पुसावे लागले. झुडपं मशीननं सारखी कातरतात, आणि भर वाळवंटात कारंजं. आईनं पहिल्याच संध्याकाळी हे सगळं बघितलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "अगदी चादरीवरच्यासारखं आहे हो." दुसऱ्या दिवशी तिनं कुंकू मागून घेतलं आणि लावलं. फक्त उन्हाचं गणित तिला अजून सुटत नाही. "हे म्हणाले होते बर्फ पडतो. थापाड्या मेला!"

"हे कधी येणार कामावरून?" हा प्रश्न मात्र रोज, दुपारचा चहा झाला की. पहिल्यांदा मी खरं सांगून टाकलं. ती बाथरूममध्ये गेली, आरशासमोर उभी राहिली आणि ओल्या हातानं कुंकू पुसलं. मग मला म्हणाली, "मला कुणी कळवलं कसं नाही? मी आले असते हो." बाबा, ती तुमच्या उशाशी होती. तुमचा हात तिच्याच हातात होता. दुसऱ्या सकाळी कुंकू जागेवर, चहानंतर तोच प्रश्न, आणि मी गाढवासारखं पुन्हा खरं सांगितलं. पुन्हा तेच रडणं, नवं कोरं. माझी लेक जिन्यात उभी होती. "मॉम, स्टॉप किलिंग हिम," म्हणाली, आणि आजीला चिकटून बसली. "आजी, ही इज ॲट वर्क." आईला तेवढं कळलं. "आज उशीर आहे वाटतं," म्हणाली आणि मटार सोलायला घेतले. तेव्हापासून तुम्ही कामावर आहात.

आता माझं दुखणं सांगते. त्या गावात मी नाहीच. माझा जन्म व्हायचाय अजून. मी कोण, तर तुमची जर्मन घरमालकीण, एका स्लाइडमध्ये एप्रन बांधून दारात उभी असायची ती. आई मला अहो-जाहो करते. भात कालवून दिला की "कशाला तुम्हाला त्रास" म्हणते. आंघोळ मी घालते, गोळ्या मी देते, विमानात तिचा हात धरून मी बसले होते, आणि आणलं कुणी, तर ह्यांनी! जळते मी तुमच्यावर, स्पष्टच सांगते. काल तिची वेणी घालत होते. एकदम म्हणाली, "बाई, तुमचं मराठी किती छान आहे हो. कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "आईनं." "असते कुठे?" "लांब असते," म्हटलं. ती वळली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मग पत्र टाकत जा हो तिला. लेकी लांब गेल्या की आया वाट बघत बसतात. नुसती खुशाली कळवलीत तरी पुरे."

म्हणून आज कागद घेऊन बसले. 'आई' एवढं लिहिलं आणि पुढे हात चालेना. ती पलीकडच्या खोलीत दुपारची झोपलीय, तिचं घोरणं इथे ऐकू येतंय. मग ते खोडून वर 'बाबा' लिहिलं. हे कुठे टाकायचं नाही, मला ठाऊक आहे. रागावू नका, पण मला तुमच्याशी बोलायचं नव्हतंच, बाबा. तिच्याशी बोलायचं होतं.