उत्तरेकडची बाजू

१२ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. नव्या औषधाने सांध्यांना आराम आहे हे वाचून बरं वाटलं. तुझी वहिनी म्हणते, आराम खरा आहे की आपल्याला बरं वाटावं म्हणून लिहिलाय, हे हिच्या अक्षरावरून ओळखता येत नाही. फोन का करत नाहीस असं पुन्हा विचारू नकोस. सव्वीस वर्षं गवत कापायच्या यंत्रामागे चालून कान अर्धे झालेत, फोनवर मी नुसता हो हो करतो.

बातमी अशी की आपला फुटबॉल क्लब वरच्या श्रेणीत गेल्यापासून मैदान पुरत नाही. सामन्याच्या दिवशी सहा हजार माणसं आत आणि जवळजवळ तितकीच फाटकाबाहेर. गेल्या शनिवारी समोरच्या छापखान्याच्या गच्चीवर चाळीस जण उभे होते. त्यामुळे अध्यक्षांनी, म्हणजे आपल्या दातांच्या डॉक्टरांनी, स्टेडियम वाढवायचं मनावर घेतलं आहे. दक्षिणेच्या स्टँडवर आणखी एक मजला, त्यात पाच हजार खुर्च्या. नोव्हेंबरअखेर सभासदांची सभा आहे, तिथे मतदान होईल.

सगळे खुशीत आहेत. मला मात्र घास गोड लागत नाही. आपल्या या थंड मुलखात हिवाळ्याचं ऊन दक्षिणेकडून, फार खालून येतं. गेल्या डिसेंबरात मी मैदानात काठी रोवून भर दुपारची सावली मोजली होती, ती काठीच्या दुपटीहून लांब भरली. म्हणजे तो मजला चढला की हिवाळ्याचे तीन महिने अर्ध्या मैदानाला ऊन दिसणार नाही. गवत मरणार आणि खाली चिखल होणार. डॉक्टरांना हे सांगितलं तर म्हणाले की गवत काय, पुन्हा लावता येईल. दात पुन्हा लावता येतात, त्यामुळे त्यांना तसं वाटत असेल.

तू इमारतींचे नकाशे काढतेस. या सावलीचा एक नीट नकाशा काढून दे, सभेत भिंतीवर लावता येईल असा. हा प्रस्ताव पडला पाहिजे. तुला फुटबॉलचा कंटाळा येऊन नऊ वर्षं झाली हे ठाऊक आहे. तेव्हा मैदानासाठी नको, भावासाठी काढ.

वहिनीचे आशीर्वाद. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
दादा


२१ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

नकाशा सोबत आहे. तुझी काठी बरोबर निघाली. नोव्हेंबरपासून जानेवारी संपेपर्यंत सावली मधल्या वर्तुळाच्याही पलीकडे जाते. कचेरीतल्या माझ्या साहेबांनी पाहिलं आणि विचारलं की हा हिशोब कुणी केला. मी म्हटलं, माझ्या भावाने, एका काठीवर. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे.

नकाशा खरा आहे म्हणून पाठवला. पण आणखी एक गोष्ट खरी आहे, ती तुला सांगितल्यावाचून हा लिफाफा बंद करणं मला जमलं नाही.

मला फुटबॉलचा कंटाळा कधीच आला नव्हता. ते मी खोटं बोलले.

मी शेवटची आले तो सामना आठव. चाकांची खुर्ची नवी होती. स्टँडला एकतीस पायऱ्या, दुसरी वाट नाही. दोघा भल्या माणसांनी मला खुर्चीसकट उचललं. एकाच्या पाठीत उसण भरली, तरी तो हसत राहिला. लोक बाजूला झाले, आणि मी वर पोचले तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळे मनापासून वाजवत होते, कुणाचाही दोष नाही. पण मी काही जिंकलं नव्हतं रे, फक्त सामना बघायला आले होते. मध्यंतरात बाथरूमला जायचं होतं आणि पुन्हा त्या दोघांना हाक मारायची हिंमत झाली नाही. उरलेला सामना मी काय बघितला, मला सांगता येणार नाही. घरी येऊन तुला म्हणाले की आता यात राम नाही, तेच तेच वाटतं. तू फुगलास. मला ते सोयीचं झालं.

तुझं गवत वाचावं असं मलाही वाटतं. पण प्रस्ताव पडला तर मैदान आहे तसंच राहील, आणि मीही आहे तिथेच राहीन. नव्या बांधकामाला निदान लिफ्ट तरी असते. याचा तुझ्यावर भार नको, पण विचार करताना ध्यानात असू दे.

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी लिहीत जा.

तुझी
धाकटी


४ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. मग वहिनीला दिलं. तिने वाचून घडी घातली आणि म्हणाली की मला शंका होतीच. मी विचारलं, मग मला का नाही बोललीस. तर म्हणते, तुम्ही तेव्हा इतके रुसला होता की ऐकायला जागाच नव्हती.

त्या दिवशी मी खाली, खेळाडू आत शिरतात तिथे उभा होतो. तू वर पोचलीस ते मी पाहिलं. त्या टाळ्यांत माझेही हात होते. मला अभिमान वाटला होता. हे तुला कळायला हवं म्हणून लिहितो.

नऊ वर्षं मी तुला कंटाळ्यावरून टोमणे मारले. ते सगळे परत घेतो.

पण धाकटे, गवताबद्दल मी हट्टाने बोलत नाही. हिवाळ्यात ओल्या, मेलेल्या मैदानावर पोरं घसरतात. मागे पाहुण्या संघाच्या एका खेळाडूचा पाय माझ्यासमोर चिखलात रुतला आणि गुडघा वळला. तो आवाज या अर्ध्या कानांनीही ऐकला. तो पुन्हा खेळला नाही. मी जाणूनबुजून तसं मैदान तयार करू शकत नाही.

तू नकाशे वाचणारी. दक्षिण सोडून दुसरी एखादी बाजू आहे का, पाहतेस? मला तर इतक्या वर्षांत फक्त मधला हिरवा चौकोनच दिसत आला.

उत्तर लवकर दे. तुझ्या पत्रावाचून इथे करमत नाही.

दादा


१६ ऑक्टोबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी थोडी रडले आणि मग पेन्सिलींना टोक काढून बसले, तेव्हा आता त्याबद्दल काही लिहू नकोस. टोमणे मात्र चालू ठेव, नाहीतर पत्र कुणा भलत्याचं आलंय असं वाटेल.

दुसरी बाजू आहे. उत्तरेची; नकाशा सोबत आहे. तिथल्या स्टँडची सावली मैदानावर पडतच नाही, मागच्या गोदामांच्या भिंतीवर पडते. मजले चढवायची गरज नाही. बुटका, लांबरुंद स्टँड बसतो, चार हजार माणसांचा. पुढून एकही पायरी नको. फाटकापासून एक रॅम्प, इतका सौम्य की माझ्यासारखीने स्वतःच्या हाताने चढावा, आणि खुर्च्यांच्या जागा इतरांच्या रांगेतच, मधे मधे. कडेला वेगळा कोपरा नाही.

पण तिथे आज काय उभं आहे ते तुला सांगायला नको. यंत्रांची शेड, मैदानात बसवायच्या हिरवळीच्या लाद्या वाढवायचा तुझा वाफा, आणि तुमच्या दोन खोल्या. ते सगळं नव्या स्टँडखाली जाईल असं चित्र मी काढलं, खोडलं, पुन्हा काढलं, पुन्हा खोडलं. तिसऱ्यांदा ठेवलं, कारण तू विचारलं होतंस.

वहिनीचा संसार तिथे उभा राहिला. माझ्यासाठी म्हणून काही ठरवलंत तर मी त्या रॅम्पवर पाऊल, म्हणजे चाक, ठेवणार नाही. मैदानासाठी योग्य असेल तरच करा.

वहिनीशी बोल, आणि या वेळी ऐकायला जागा ठेव.

तुझी
धाकटी


३० नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल सभा झाली. तुला सगळं सविस्तर हवं असणार, म्हणून सकाळची कामं सोडून बसलो आहे.

वहिनीपुढे मी तुझा नकाशा आठवडाभर भीतीपोटी ठेवलाच नव्हता. शेवटी ठेवला, तर तिने स्वयंपाकघरावर बोट ठेवलं आणि म्हणाली की सव्वीस वर्षांत या खिडकीची काच चौदा वेळा बदलली, आता एखादी अशी खिडकी बघावी की जिच्यातून चेंडू आत येत नाही. मग म्हणाली, भिंतींना ओलही फार आहे. तिचा आवाज जरा निराळा होता. मी ऐकत राहिलो.

सभेला मी दोन पसरट ट्रे नेले. दोन्हींत एकाच दिवशी एकाच वाफ्यातली हिरवळ लावलेली. एक सहा आठवडे उन्हात ठेवला होता, दुसरा शेडमागे दाट सावलीत. दोन्ही अध्यक्षांच्या टेबलावर ठेवले. सावलीतल्या गवताला त्यांनी बोट लावलं तर मुळासकट हातात आलं. पुन्हा लावता येईल असं या वेळी म्हणाले नाहीत.

सव्वीस वर्षांत मी सभेत तोंड उघडलं नव्हतं. तुझा दुसरा नकाशा लावला आणि सांगितलं की वाढवायचं असेल तर इथे वाढवा, आमच्या खोल्यांवर. मग रॅम्प दाखवला. अध्यक्षांनी विचारलं की पायऱ्यांची तक्रार तर आजवर कुणी केली नाही, मग एवढी गरज आहे का. मी म्हणालो, तक्रार नाही करत ते. आपल्याला कंटाळा आला असं सांगतात आणि घरी बसतात, आणि आपण खरं मानतो. तुझं नाव घेतलं नाही. पण मागच्या बाकावरचा सुतार उठला आणि म्हणाला की त्याच्या वडलांनीही असंच सांगितलं होतं. मग आणखी दोघं उठले.

काही जुने सभासद रागावले. मैदान मोठं झालं की घरचं वाटणार नाही म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हे. दक्षिणेचा मजला आधी रद्द झाला, मग उत्तरेला बाजूने चारशे बारा आणि विरुद्ध तीनशे एकाहत्तर मतं पडली. बाहेर पडताना अध्यक्ष म्हणाले की नकाशा ज्यांनी काढला त्यांना क्लबतर्फे रीतसर बोलवायचं आहे. मी म्हणालो, त्या फार कडक आहेत, जपून.

हिवाळा संपला की काम सुरू होईल. तुझ्या पत्राची वाट पाहतो, मन लावून लिही.

दादा


१० एप्रिल

प्रिय धाकटीस,
तुझ्या वहिनीचे आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या दादाला न दाखवता लिहिते आहे. आम्ही गेल्या महिन्यात छापखान्यामागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो. जागा कोरडी आहे, ऊन येतं. खिडकीची काच शाबूत आहे.

खोल्या पाडल्या त्या दिवशी त्यांनी सुट्टी घ्यावी असं मी सुचवलं. ऐकलं नाही. उलट पाडणाऱ्यांना सांगत होते की हिरवळीच्या लाद्यांवर पाय देऊ नका. शेवटची भिंत पडली तेव्हा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन चुन्याच्या रेघा मारत बसले. त्या दिवशी सामना नव्हता. मी चहा घेऊन गेले आणि आम्ही दोघं गवतावर बसलो. मीही जरा रडून घेतलं, ते तुला सांगते, त्यांना सांगू नकोस.

आता ठीक आहे. माझे दोन केक भाजायचे डबे गायब झाले, ते बाल्कनीत गवत लावलेले सापडले. नवा वाफा फाटकाजवळ मिळाला आहे, पण त्यांचं म्हणणं की सुरुवात घरी चांगली होते. कंत्राटदाराला रोज रॅम्पचा उतार तपासायला लावतात. तो बिचारा मला विचारत होता की हे इंजिनियर आहेत का.

तुझ्यामुळे आमचं घर गेलं असं मनात आणत असशील, तर सोड. मला ही खिडकी आवडते. तुझी ख्यालीखुशाली कळवत राहा, आणि आम्हाला विसरू नकोस.

तुझी
वहिनी


१९ ऑक्टोबर

ती. दादास आणि वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

आधी रागावून घ्या, मग पुढे वाचा. परवाच्या शनिवारी मी मैदानात होते.

नव्या स्टँडच्या उद्घाटनाला तू बोलावलंस, अध्यक्षांनीही बोलावलं, आणि मी ताप आल्याचं कळवलं. ताप नव्हता. उद्घाटनाला आले असते तर पहिल्या रांगेत बसवून सत्कार केला असता. मला एकदा कुणाचीही बहीण नसताना आत जायचं होतं.

खिडकीवर तिकीट काढलं. बाईंनी एवढंच विचारलं की कुठली रांग. मग रॅम्पला लागले. उतार बरोबर आहे, कंत्राटदाराला आता सोडून दे. मध्यावर दम लागला म्हणून थांबले, तर मागचा माणूस म्हणाला की बाई, जरा लवकर चला, सामना सुरू होतोय. इतक्या वर्षांत माझ्याशी कुणी इतकं बरं बोललं नव्हतं. मी लवकर चालले.

वर कुणी माझ्याकडे बघितलं नाही. सगळे मैदानाकडे बघत होते, आणि दादा, बघण्यासारखंच होतं ते. ऑक्टोबरात इतकं हिरवं मी कुठे पाहिलं नाही. मध्यंतरात तू बागकामाचा काटा घेऊन हिरवळीचे उखडलेले तुकडे बसवत होतास. माझ्यापासून पंधरा पावलांवर होतास. हाक मारावीशी फार वाटली. मारली नाही, कारण मला बाथरूमला जायचं होतं, आणि मी गेले, आणि परतही आले.

आपण हरलो. पंचांना मी जे म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. घसा अजून बसलेला आहे.

सामना संपल्यावर शेजारच्या खुर्चीवरचे एक टोपीवाले आजोबा खेळाडूंना शिव्या देत उठले. जाता जाता त्यांनी मला विचारलं की पुढच्या शनिवारी आहात ना. मी म्हटलं, आहे.

तेव्हा या शनिवारी तुमची बहीण म्हणून येते. जेवण वहिनीच्या हातचं. जिना दोन मजल्यांचा आहे हे लक्षात आहे, म्हणून खाली मैदानातच जेवू. दोघांनी मला आहे तसाच जीव लावत राहावं, ही विनंती.

तुमची
धाकटी