खोकल्याचं औषध

२ मार्च, सकाळ
आज काउंटरवर आणखी एक गर्दुल्ला. केस पिंजारलेले, डोळे तारवटलेले. म्हणे खोकला झालाय, ते गुंगीचं सिरप द्या. डॉक्टरची चिठ्ठी? अर्थातच नाही. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर झाप झाप झापला. समाजाला लागलेली कीड आहे ही. ओरडून घसा बसला, म्हणून आत जाऊन त्याच सिरपची दोन झाकणं घेतली. मी फार्मासिस्ट आहे. मला डोस कळतो.

५ मार्च
हिने विचारलं, रॅकमागे इतक्या रिकाम्या बाटल्या कशा? (हीसुद्धा फार्मासिस्ट. दुकान दोघांचं. लग्न करतानाच विचार करायला हवा होता.) म्हटलं, क्वालिटी चेक. हल्ली कंपन्यांचा काही भरवसा नाही. एक्स्पायरी डेट बघावी तशी माझ्याकडे बघून गेली.
संकल्प: उद्यापासून एकच झाकण.

६ मार्च
एकच झाकण. पाच वेळा. पण प्रत्येक वेळी एकच.

९ मार्च, दुपार
मला सवय-बिवय काही नाही हे हिला दाखवायला सकाळपासून थेंबही घेतला नाही. नाक गळतंय, हातांना कंप, अंग मोडून आलंय. साथ दिसते. साथीत औषध बंद करणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा. घेतलं. साथ अर्ध्या तासात गेली.

१३ मार्च
समोरच्या बिल्डिंगमधल्या आजींना बीपीच्या गोळ्यांऐवजी डायबेटिसच्या दिल्या. दोन्ही पाकिटं निळी! कंपनीवाल्यांना अक्कल नाही. हिच्या लक्षात आलं तशी अनवाणीच रस्ता ओलांडून धावली. आजींच्या हातात पाण्याचा पेला होता म्हणे. परत आली ती रडतच. मी एवढंच म्हटलं की, काही झालं तर नाही ना? तिने माझ्या खिशातून शटरच्या किल्ल्या काढून घेतल्या. व्यसनमुक्तीच्या डॉक्टरकडे जाईपर्यंत काउंटरला हात लावायचा नाही म्हणाली. गर्दुल्ल्यांच्या रांगेत! मी!

१४ मार्च
घरी बसून आहे. काउंटरशिवाय करमत नाही. खरं सांगायचं तर भीती वाटते. तिथे उभा नसलो तर मी कोण?
ठरलं. सोडायचं. कायमचं. डॉक्टर कशाला, मला कळत नाही का? फक्त कुठलंही औषध एकदम थांबवू नये, हे मीच रोज लोकांना सांगतो. हळूहळू सोडायला एक बाटली लागेल. शेवटची.

१५ मार्च, संध्याकाळ
दोन बस बदलून पार शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो. मफलर गुंडाळला, मेडिकलच्या दारातच खोकायला सुरुवात केली. काउंटरवर जाड चष्म्याच्या बाई. सिरप मागितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आतल्या काचेकडे. काचेवर फोटो चिकटवलेले: यांना सिरप देऊ नये. एकजात नमुने. त्यांच्यात मी. हिने शहरातल्या सगळ्या दुकानांना पाठवलाय म्हणे. पांढऱ्या कोटातला आहे, बाकीच्यांपेक्षा बराच बरा दिसतो.
बाई ओरडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, मिसेसना फोन लावू का? कधीही लावा, मी न्यायला येते, असं सांगून ठेवलंय त्यांनी.
फार लाज वाटली. लावा म्हटलं, आणि गिऱ्हाइकांच्या बाजूच्या स्टुलावर बसून राहिलो.