सासूबाईंच्या स्टुलाचा चौथा पाय

आदरणीय (तूर्त वयाने, बाकीचं पत्र संपल्यावर ठरवू) साडूभाऊ यांस नमस्कार.

तुमची आखडलेली कंबर आता वाकते का? इकडे सगळे मजेत आहेत. मीही आहे, पण महिनाअखेरीला सासूबाई तुमच्याकडून इथे येऊन आपल्या लाडक्या स्टुलावर बसेपर्यंतच. त्याचा चौथा पाय मी बल्ब बदलताना मोडला. (स्टुलावर चढू नका, हे त्या मला लग्नापासून सांगताहेत.) नवा पाय करायला लाकूड गोल फिरवून कातायचा लेथ शेजाऱ्यांचा घेतला, पोलादाहून कठीण अशा कार्बाइडच्या पात्याचं अवजार तुमचं होतंच. ते परत पाठवा म्हणून तुम्ही दोनदा लिहिलंत. एवढी घाई कसली, ते काही उमगलं नाही.

पाय उंदरांनी कुरतडल्यासारखा निघू लागला. पातं बोथट झालं असं समजून मी ते स्वयंपाकघरातल्या धारेच्या दगडावर तासभर घासलं. पात्याला काही झालं नाही, दगडाला मात्र चर पडला. आता घरातली सुरी टोमॅटो कापत नाही, चेंगरते, आणि त्याचा उल्लेख प्रत्येक जेवणात होतो. दुकानदार म्हणाला, कार्बाइडला हिराच लागतो. म्हणजे हिऱ्याचा चुरा बसवलेली पट्टी. ती आणली. तुमच्या मेव्हणीने ती उलटसुलट करून पाहिली आणि एवढंच म्हणाली, "लग्नानंतर घरात आलेला पहिला हिरा. तोही पात्यासाठी."

मग मी पात्याच्या कडेचा उतार घासत बसलो; होती ती धारही गेली. खोक्यातला कागद नेहमीप्रमाणे शेवटी वाचला. त्यात लिहिलं होतं, पात्यावर साचलेला लाकडाचा चिकटा आधी धुवा, मग पट्टीवर पाण्याचा थेंब टाकून सपाट बाजूच घासा, उताराला हात लावू नका. तसं केलं आणि काय सांगू, लाकडाच्या लांबलचक कुरळ्या ढलप्या निघाल्या! त्या आनंदात पात्याची दुसरी कड पुढे यावी म्हणून ते फिरवून बसवलं आणि स्क्रू जरा जास्तच आवळला. पात्याखाली लाकडाची कपची राहिली होती. कट् असा बारीक आवाज आला आणि पात्याचे दोन तुकडे. (कार्बाइड कडक असतं, समजूतदार नसतं. आपल्या नात्यात असं आणखी कोण आहे, ते तुम्ही जाणता.) पाय अर्धा गोल, अर्धा चौकोनी राहिला आहे.

आपला,
त्याच सासूबाईंचा दुसरा जावई

ता. क. एक नवं पातं पाठवा, आणि सासूबाईंना आणखी पंधरवडा तुमच्याकडेच ठेवून घ्या. कारण काहीही सांगा, फक्त त्यात स्टूल नको.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार तोच सासूबाईंचा फोन. त्या येत्या शनिवारीच निघताहेत. तुमच्याकडे त्यांच्या खुर्चीचा पाय तुम्ही मोडलात म्हणे, आणि तो दुरुस्त का होत नाही असं विचारल्यावर, अवजार मी अडवून ठेवलंय असं सांगितलंत. "तुमच्याकडचं स्टूल तरी धड आहे ना?" असं त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणालो.

पातं पाठवू नका, स्वतः घेऊन या, त्यांच्याच गाडीने. दोन जावई शेजारी उभे राहिले की बोलणी निम्मी निम्मी वाटली जातील, असा माझा अंदाज आहे.